गाडीला हवा किती अडवते? कॅरियर, काच, वेग आणि डिझेलचा सरळ हिशोब

जामसर (ता. जव्हार) : आपल्याकडे घरची गाडी म्हटली की बोलेरो, इको, जुनी जीप नाहीतर पिकअप. तीच शेताची, तीच लग्नाची, तीच दवाखान्याची. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी माणसं पोचवायचीही तीच. पंपावर डिझेल टाकताना मात्र प्रत्येक मालकाच्या पोटात गोळा येतो. मग मोबाइलवर एखादा व्हिडिओ दिसतो : पुढची जाळी बंद करा, खालून शीट मारा, मागे स्पॉयलर लावा, ॲव्हरेज वाढेल!

यातलं खरं किती? जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर चालेल किती? आणि घरच्या घरी, खिशाला चाट न लावता काय करता येईल? सगळी माहिती इथे एकत्र दिली आहे. लेख जरा मोठा आहे, सेव्ह करून ठेवा.

हवा अडवते म्हणजे नेमकं काय?

वाऱ्याच्या दिवशी सूप तोंडासमोर उभं धरून चाला. वारा मागे ढकलतो. तेच सूप आडवं धरलं, धार वाऱ्याकडे केली, की काही जाणवत नाही. सूप तेच, वारा तोच, फक्त धरायची पद्धत बदलली. गाडीचंही असंच असतं. पुढे जाताना गाडी समोरची हवा बाजूला सारते. हवा जो विरोध करते त्याला गाडीच्या भाषेत 'ड्रॅग' म्हणतात.

हा अडथळा तीन गोष्टींवर ठरतो.

1. गाडी समोरून केवढी दिसते. उंच, रुंद गाडीला जास्त हवा लागते.
2. गाडीचा आकार कसा आहे. कोपरे गोल असतील तर हवा सहज सरकते, खोक्यासारखे असतील तर आपटते.
3. गाडीचा वेग किती आहे. ही गोष्ट सगळ्यात भारी पडते.

वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो. 40 वरून 80 वर गेलात की चौपट. 40 वरून 120 वर गेलात की नऊपट.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. गाडीला हवा पुढून अडवते, तशी मागूनही ओढते. कच्च्या रस्त्याने गेल्यावर बोलेरोची किंवा इकोची मागची काच बघा. पुढची काच बरी असते, मागची धुळीने माखलेली असते. मागचा भाग सपाट तुटलेला असला की तिथे हवा गोल गोल फिरते, पोकळी होते आणि धूळ आत खेचली जाते. ती पोकळी गाडीलाही मागे खेचत असते. माशाचा आकार आठवा : तोंड गोल, शेपटीकडे निमुळता. पाण्यात कमी जोरात पुढे जाण्यासाठी तोच आकार चांगला, आणि हवेतही तोच.

एका गाडीचं उदाहरण घेऊ

समजा खोक्यासारखी उंच गाडी आहे, माणसांसकट वजन 1500 किलो. सपाट डांबरी रस्ता, वारा नाही. अशा गाडीचा अंदाजे हिशोब असा येतो. आकडे 'किलोच्या जोरात' दिले आहेत, म्हणजे गाडी मागे ओढायला किती किलोचं वजन दोरीने लटकवल्यासारखं वाटेल ते.

- टायर रस्त्यावर घासून-दबून लागणारा जोर : कोणत्याही वेगाला साधारण 18 किलो
- हवेचा अडथळा, 40 च्या वेगाला : साधारण 8 किलो
- हवेचा अडथळा, 60 च्या वेगाला : साधारण 19 किलो
- हवेचा अडथळा, 80 च्या वेगाला : साधारण 33 किलो
- हवेचा अडथळा, 100 च्या वेगाला : साधारण 52 किलो

आता आपला घाट धरा. 20 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर उंची चढायची असेल, तर एकट्या चढाचाच जोर साधारण 75 किलो होतो.

यातून काय दिसतं? 40 च्या वेगाने घाट चढताना एकूण 100 किलोच्या आसपास जोर लागतो, त्यात हवेचा वाटा फक्त 8. हायवेवर 100 च्या वेगाला एकूण 70 किलो, त्यात हवेचा वाटा 52. म्हणजे घाटात तुमचं डिझेल खातं ते वजन, आणि हायवेवर खाते ती हवा. या लेखातली ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आपल्या रस्त्यांवर कुठे काय लागू?

जामसर ते जव्हार, जव्हार ते मोखाडा, पुढे तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरकडे. हे सगळे वळणांचे, चढ-उताराचे रस्ते. इथे गाडीचा वेग जेमतेम 30 ते 50. या रस्त्यांवर हवेसाठी गाडीत काहीही बदल केलात तरी खिशाला कळणार नाही. इथे उपयोग होतो तो वजन कमी करण्याचा, टायरमधली हवा नीट ठेवण्याचा आणि योग्य गिअरचा.

जव्हारची उंची समुद्रापासून साधारण साडेचारशे मीटर. 1500 किलोची गाडी तेवढी वर आणायला, इंजिनाची ताकद धरून, अंदाजे 600 मिली डिझेल निव्वळ चढण्यात जातं. प्रत्येक जादा 100 किलोला अंदाजे 40 मिली. डिकीत महिनोन् महिने पडलेली साखळी, जुनी बॅटरी, पोत्यातलं भंगार आधी उतरवा. जॅक, पाना आणि स्टेपनी मात्र गाडीतच राहू द्या.

जव्हारहून विक्रमगड करत मनोरला उतरलात आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागलात की खेळ बदलतो. वसई-विरारला कामाला जाणारे, दादरच्या बाजारात मोगरा पोचवणारे, भिवंडीला माल नेणारे यांची गाडी तासन् तास 80-90 ने पळते. हवेचा हिशोब खऱ्या अर्थाने तिथे लागतो.

पहिला चोर : रिकामा कॅरियर

टपावरचा कॅरियर ही आपली गरज आहे, हे मान्य. एसटीच्या फेऱ्या कमी, माणसं जास्त, सामान त्याहून जास्त. पण लग्नसराई आणि सुगी संपल्यावरही तोच कॅरियर वर्षभर रिकामा फिरतो. पाइप, पट्ट्या, बोल्ट, त्यावर गुंडाळलेली दोरी आणि फडफडणारी ताडपत्री, या सगळ्यावर हवा आपटत राहते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती सांगते की टपावर मोठी, सपाट तोंडाची पेटी लावली तर शहरात ॲव्हरेज 2 ते 8 टक्के पडतं, हायवेवर 6 ते 17 टक्के, आणि 105 ते 120 च्या वेगाला 10 ते 25 टक्के. तेच सामान गाडीच्या मागे लावलं तर हायवेवरचं नुकसान 1 ते 5 टक्के. ही भरलेल्या पेटीची गोष्ट झाली. रिकाम्या कॅरियरचं नुकसान यापेक्षा कमी, पण ते रोजचं.

आपला हिशोब करू. गाडी हायवेवर लिटरला 12 किलोमीटर देते. आठवड्याला एक फेरी, जाऊन-येऊन 200 किलोमीटर हायवे. टपावरच्या सामानाने 8 टक्के जास्त डिझेल गेलं, तर फेरीला साधारण सव्वा ते दीड लिटर वाया. लिटरला 90 रुपये धरले तरी फेरीला 120 रुपये, वर्षाला सहा हजारांच्या वर. एवढ्यात टायरच्या जोडीतला एक टायर निघतो.

म्हणून काम नसेल तेव्हा कॅरियर काढून घरात ठेवा. बोल्ट गंजले असतील तर एकदा गॅरेजवाल्याकडून सोडवून, ग्रीस लावून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दोन माणसं अर्ध्या तासात काढतील आणि चढवतील. वेल्डिंग करून कायमचा बसवलेला कॅरियर असेल तर निदान वरची ताडपत्री आणि दोऱ्या तरी काढा.

टपावर भार असेल तर आणखी एक धोका आहे. वजन वर गेलं की गाडी वळणावर कलते. टपावर किती किलो चालतात ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. जड पोती खाली, हलकं सामान वर. आणि माणसं टपावर कधीच नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 123 नुसार टपावर बसवून माणसं नेणं गुन्हा आहे. घाटात तर तो जिवाशी खेळ आहे.

घरच्या घरी करता येण्यासारखी कामं

*1. वेग 20 ने कमी करा.* याला पाना लागत नाही. वरच्या हिशोबात 100 च्या वेगाला एकूण जोर 70 किलो होता, 80 ला तो 51 होतो. चौथ्या हिश्श्याहून जास्त बचत. वेळ किती जातो? 60 किलोमीटरला 100 ने 36 मिनिटं, 80 ने 45 मिनिटं. फरक 9 मिनिटांचा, म्हणजे एका चहाचा. इंधन बचतीचं काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था तर 45 ते 55 चाच वेग सुचवते.

*2. टायरमधली हवा.* ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात आकडा असतो. सकाळी, गाडी थंड असताना तपासा. चारही टायरमध्ये हवा 1 पॉइंटने कमी असेल तर ॲव्हरेज साधारण 0.2 टक्के पडतं. 10 पॉइंट कमी असेल तर 2 टक्के, शिवाय टायर कडेने झिजतो तो वेगळा. जास्त ॲव्हरेजच्या नादात ठरल्यापेक्षा जास्त हवा भरू नका. ब्रेक लावल्यावर गाडी घसरते.

*3. काचा.* घाटात हळू चालताना काचा उघड्या ठेवा, एसी बंद ठेवा. हायवेवर 70-80 च्या पुढे काचा लावून घ्या. उघड्या काचेतून हवा आत घुसून मागच्या भिंतीवर आपटते, जणू गाडीच्या पोटात छत्री उघडली आहे.

*4. लोंबकळणारं प्लास्टिक बसवा.* इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर आणि चाकाच्या कमानीतलं आतलं कव्हर आपल्या खड्ड्यांत हमखास सुटतं. मग कुणीतरी काढून फेकून देतं. ते कंपनीने उगाच दिलेलं नसतं. खालची हवा सरळ जावी आणि चिखल इंजिनात उडू नये म्हणून ते असतं. क्लिपा पाच-दहा रुपयांना मिळतात. त्या बदलून कव्हर परत बसवा. हे हवेसाठी करता येणारं सगळ्यात सुरक्षित काम, कारण तुम्ही काही बदलत नाही, मूळचं परत लावताय.

*5. पिकअपवाल्यांनी फाळका बंद ठेवावा.* मागचा फाळका पाडून चालवलं की हवा सरळ निघून जाईल, असं बरेच जण समजतात. खरं म्हणजे फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. फाळका पाडला की ती घडी मोडते. माल असेल तर ताडपत्री ताणून बांधा, कडा आत खोचा. फडफडणारी ताडपत्री हवाही अडवते आणि फाटतेही.

*6. झेंडे, जादा हॉर्न, जादा दिवे, पुढचा लोखंडी गार्ड.* यातलं जे लागत नाही ते काढा. लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. त्याने हवा अडते, वजन वाढतं आणि धडकेत समोरच्या पायी माणसाला जास्त मार बसतो.

हे करू नका

*पुढची जाळी बंद करणं.* थंड देशांत लोक हिवाळ्यात जाळीचा काही भाग झाकतात, त्याने थोडा फायदा होतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात, भरलेली गाडी, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घाट चढते तेव्हा रेडिएटरला मिळेल तेवढी हवा हवी असते. पुठ्ठा लावलात तर कूलंट उकळतं, हेड गॅस्केट उडतं, इंजिन जाम होतं. शंभर रुपयांचं डिझेल वाचवायला हजारोंचा खर्च.

*खालून फ्लेक्स किंवा प्लास्टिकची शीट मारणं.* सायलेन्सर खूप गरम होतो. प्लास्टिक वितळतं, पेट घेतं. दगडाला अडकून शीट चाकात गेली तर वेगळीच आफत.

*गाडी खाली बसवणं.* गाडी जमिनीला जवळ असली की हवा कमी लागते, हे खरं. पण आपल्या रस्त्यावर पहिल्याच दगडाला चेंबर फुटेल आणि ऑइल रस्त्यावर.

*चाकं झाकणं.* उतारावर ब्रेक तापतात. त्यांना हवा लागते. चाक झाकलं की ब्रेक थंड होत नाहीत.

*बाजारातला स्पॉयलर.* दुकानात मिळणारा बहुतेक माल शोभेचा. चुकीच्या जागी लावला तर अडथळा वाढतोच.

आणि न्यूट्रल? अजिबात नाही!

डिझेल वाचवायच्या नादात आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणं. काही जण तर चावीही बंद करतात. चावी बंद केली की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि स्टिअरिंग लॉक पडायचाही धोका असतो. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

शिवाय यात बचतही नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन आपोआप बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट थोडं डिझेल जाळावं लागतं. म्हणून ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आजही बरोबर आहे.

बाहेर काय प्रयोग झाले?

1970 च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या इंजिनिअरांनी एका जुन्या व्हॅनला सगळीकडून सपाट पत्रे ठोकले. गाडी चपलांच्या खोक्यासारखी दिसू लागली. मग एकेक करून कोपरे गोल केले आणि दर वेळी मोजलं. सगळ्या उभ्या-आडव्या कडा गोल केल्यावर हवेचा अडथळा निम्म्याहून कमी झाला, आणि आतली जागा फक्त 3 टक्के गेली. आज मोठ्या ट्रकच्या केबिन गोलाकार दिसतात, त्यामागे असे प्रयोग आहेत.

अमेरिकेतच एका हौशी गृहस्थाने 1992 सालच्या होंडा सिव्हिक गाडीला घरीच लांब निमुळती शेपटी लावली, चाकं झाकली, खालचा भाग सपाट केला आणि ॲव्हरेज पुष्कळ वाढवलं. पण तिथे लांब, सपाट, मोकळे रस्ते. आपल्या घाटात तेवढी शेपटी पहिल्याच वळणावर कठड्याला घासेल.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसी बुकात आणि कंपनीच्या नोंदीत जे आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलाचं कारण पुढे करू शकते.

वर 'घरच्या घरी' म्हणून दिलेल्या सहा कामांत गाडीची रचना बदलत नाही. शेपटी, रुंद चाकं, कापलेला बंपर असलं काही डोक्यात असेल तर आधी आरटीओत विचारा.

फरक पडला का, ते असं मोजा

ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. कंपनीचं ॲव्हरेजही चाचणीतलं असतं, रस्त्यावरचं नसतं. स्वतः मोजा :

- पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा. किलोमीटरचा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- नेहमीप्रमाणे चालवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, तसंच नोझल बंद होईपर्यंत भरा.
- चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर म्हणजे तुमचं खरं ॲव्हरेज.
- निदान तीन टाक्या कॅरियरसकट आणि तीन टाक्या कॅरियरशिवाय मोजा. रस्ता आणि भार सारखाच ठेवा.

हवा कुठे अडते ते डोळ्यांनी बघायचं असेल तर लोकरीचे वीतभर धागे चिकटपट्टीने गाडीच्या मागच्या भागावर लावा. दुसऱ्या गाडीतल्या मित्राला (चालवणाऱ्याला नाही!) मोकळ्या रस्त्यावर व्हिडिओ काढायला सांगा. धागे सरळ पडले तिथे हवा सुरळीत जाते, जिथे नाचतात तिथे भोवरा आहे. नासातल्या त्या इंजिनिअरांनीही असेच धागे वापरले होते.

थोडक्यात

- 60 च्या खाली चालणाऱ्या गाडीने हवेची काळजी सोडा, वजन आणि टायर बघा.
- हायवेला जाण्याआधी रिकामा कॅरियर काढा, काचा लावा, वेग 80 च्या आसपास ठेवा. फलकावरची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळा.
- सुटलेलं प्लास्टिक परत बसवा, नवीन काही जोडू नका.
- जाळी झाकू नका, चाकं झाकू नका, उतारावर न्यूट्रल करू नका.

डिझेलचे चार पैसे वाचले पाहिजेत, पण गाडीतली माणसं घरी पोचल्यावरच ती खरी बचत. ही माहिती गावातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर पाठवा.